रात्रपाळीवालीचं घर

मे-जून आला की गोंदियात बदलून आलेली माणसं किरायाच्या घरासाठी हिंडताना दिसतात. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, आणि 2016 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून डॉक्टर, परिचारिकाही. दलाल घर दाखवायला बोलावतो ते संध्याकाळी. ऊन उतरलेलं असतं, अंगणात सडा पडलेला असतो, आजूबाजूची माणसं ओट्यावर बसून हसून बोलतात. खोल्या किती, संडास आत की बाहेर, गच्ची मिळते का, एवढं विचारून माणूस अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळा होतो. शेजार कळतो तो सामान लागल्यावर, आणि तोवर अकरा महिन्यांचा करार झालेला असतो.

यंदा नात्यातल्या एका मुलीबरोबर मी घरं बघत फिरले. ती परिचारिका आहे आणि तिला रात्रपाळ्या फार. तिची झोप सकाळी नऊ ते दुपारी तीन-चारपर्यंतची. त्यामुळे ‘इथं रात्री अगदी शांत असतं’ या घरमालकाच्या खात्रीचा तिला काही उपयोग नव्हता. ती दलालाला सांगायची, “दादा, मला घर सकाळी अकराला दाखवा.” मे महिन्यातल्या गोंदियात अकराचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दलाल कुरकुरायचा, पण यायचा.

स्टेशनच्या बाजूला एक घर होतं. नवीन रंग, मोठ्या खिडक्या, किराया बेताचा. रविवारी बघितलं तेव्हा दोघींनाही आवडलं. मंगळवारी अकराला गेलो तर मागच्या शेडमध्ये ग्रिलचं काम चाललेलं. कटर लोखंडावर टेकला की खिडकीची काच थरथरत होती. घरमालक म्हणाले, “अहो, संध्याकाळी सातला बंद करतो तो.” खरंच करत असेल. बाकी कुणालाही ते घर चालून गेलं असतं, पण हिच्या झोपेची वेळ आणि त्या कटरची वेळ एकच होती.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. त्यात निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. लाउडस्पीकरबद्दल तक्रार करायची तर रात्री दहानंतर कायदा भक्कमपणे आपल्या बाजूचा असतो. दिवसा मात्र मर्यादाच सैल. दिवसा झोपणाऱ्या परिचारिका, रेल्वेचे गार्ड, कारखान्यातले पाळीवाले यांची झोप त्यात कुठे बसत नाही. म्हणून त्यांनी घर घेण्याआधीच कान उघडे ठेवायला हवेत. पुढे भांडून हाती फारसं लागत नाही.

तिच्याबरोबर फिरताना शेजार बघण्याची तिची रीत मला हळूहळू कळत गेली. घरात ती पाचच मिनिटं काढायची. नंतर मागच्या बाजूला जाऊन सामाईक भिंत बघायची. पलीकडच्याचा कूलर आपल्या निजायच्या खोलीच्या खिडकीसमोर आहे का? उन्हाळ्यात तो चोवीस तास घरघरणार आणि त्याचं पाणी आपल्या पायथ्याशी मुरणार. हिवाळ्यात घर बघणाऱ्याला कूलर दिसत नाही, पण भिंतीवरचा लोखंडी स्टँड आणि त्याखालचे गंजाचे ओघळ दिसतात. मग नाली. पलीकडच्या घराची नाली आपल्या दारावरून जाते का, ती कोण उपसतं, उपसलेला गाळ कुणाच्या दारात पडतो? गल्लीतली निम्मी भांडणं या गाळावरून होतात, असं माझं मत आहे.

समोरच्या रिकाम्या प्लॉटची तिला विशेष धास्ती. दुसरं एक घर तिनं त्यापायीच सोडलं. लग्नसराईत तिथं मांडव पडतो का, हे तिनं पानठेल्यावर विचारलं. “पडते ना जी, साऱ्या मोहल्ल्याचा मांडव तिथंच पडते,” पानवाल्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मांडव म्हटला की डीजे आला, धुमाल आला. शहरात गणपती आणि दुर्गा उत्सव. खेड्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. आमच्या झाडीपट्टीची ती हौस आहे आणि ती राहावी असंच मला वाटतं. पण मांडवाची जागा आपल्या उशापासून किती हात लांब आहे, हे आधी माहीत असावं.

धानाचंही तसंच. भात आणि राइस मिल यांवरच हे शहर उभं आहे. उसना तांदूळ काढणाऱ्या मिलचा बॉयलर भुशावर पेटतो. मिल जवळ असली आणि वारा आपल्याकडे वळला, की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसतात. घर बघताना गच्चीवर जाऊन पॅरापेटवरून बोट फिरवायचं. बोट काळं झालं तर विचारायचं काही उरत नाही.

तिसरं घर फुलचूरच्या बाजूचं. तिथं पोचलो तेव्हा शेजारच्या काकू गच्चीवर कुरड्या वाळत घालत होत्या. वरूनच त्यांनी विचारलं, “घर पाहून रायल्या का, बाई?” ही हो म्हणाली आणि सरळ जिना चढून त्यांच्याजवळ गेली. शेजारी कसे आहेत, असं तिनं विचारलं नाही. त्याला सगळीकडे एकच उत्तर मिळतं, “चांगले आहेत.” तिनं विचारलं, “काकू, पाणी कधी येतं?” आणि काकू मोकळ्या झाल्या. “सकाळी येते. पन तिकडच्यानं टिल्लू लावला का तुमच्या तोटीत ठणठण. मी तं दोनदा बोलली त्याले.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्याच्या वेळेला गेलो. नळाची धार अंगठ्याएवढी होती. बादली अर्धी भरली आणि भिंतीपलीकडे बारीक घरघर सुरू झाली. धार सुतासारखी झाली, तोटीतून हवा फुसफुसली, पाणी थांबलं. नळाच्या लाइनला अशी थेट टिल्लू मोटर लावणं नियमात बसत नाही, हे त्या माणसालाही ठाऊक असणार. तरी तिनं ते घर सोडलं नाही. दिवसा गल्ली शांत होती, आणि पाण्याला उपाय होता. आत यायच्या आधी जमिनीखाली टाकी बांधून द्या, अशी अट तिनं घरमालकाला घातली. टाकी झाल्यावरच करारावर सही केली.

गावाच्या कडेला घर घेताना आणखी एक विचारून ठेवावं. हद्द नगर परिषदेची की ग्रामपंचायतीची? नालीची तक्रार त्यावर ठरते. गाव असेल तर तंटामुक्त समितीही असते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. समिती जागी असेल तर सांडपाण्याचं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही. आणि त्रास देणारा आपल्याच घरमालकाचा दुसरा किरायेदार असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव देणं हे घर खाली करून घेण्याचं कारण मानलं आहे. घरमालकाला त्याची सभ्यपणे आठवण करून देता येते. पण कोर्टाची पायरी लांब असते आणि तोवर राहायचं त्याच भिंतीला भिंत लावून.

सामान उतरलं त्या संध्याकाळी ती डबा घेऊन दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन आली. टिल्लूवाल्याकडेही गेली. आपण रात्री ड्यूटीला जातो, सकाळी येऊन झोपतो, एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात काकूंनी नातवंडांचं क्रिकेट तिच्या खिडकीखालून गल्लीच्या तोंडाशी हलवलं. टिल्लू अजून चालतो. टाकी भरेपर्यंत ही सकाळी जागी राहते, मग झोपते.

तुम्ही यंदा गोंदियात किंवा कुठंही घर बघत असाल, तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आपल्या झोपेच्या वेळेला त्या गल्लीत अर्धा तास उभे राहा, आणि पाण्याच्या वेळेला एकदा नळ उघडून बघा. दलालाला बरोबर नेऊ नका.