बाळसे आणि मेदाचे निरोप

गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, ही समजूत मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की बाळसे धरणाऱ्या अंगावरची चरबी ही पुढच्या दिवसांसाठी बांधलेली शिदोरी वाटते. आणि तेच मूल शाळेच्या वयात फार जाड झाले की त्याला खादाड आणि आळशी ठरवून मोठी माणसे मोकळी होतात. गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने या दोन्ही समजुती टिकू दिलेल्या नाहीत. मेदऊती, म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशींचा समूह, ही शरीराची कोठी तर आहेच, परंतु ती एक ग्रंथीही आहे. ती अनेक प्रथिने रक्तात सोडते आणि त्यांच्याद्वारे मेंदू, यकृत व स्नायू यांना साठ्याची खबर देत राहते. या प्रथिनांना ॲडिपोकाइन म्हणतात.

त्यांतले सर्वाधिक परिचित प्रथिन लेप्टिन होय. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अखंड खात राहणाऱ्या लठ्ठ उंदरांतील सदोष जनुक १९९४ मध्ये शोधून काढले, आणि त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव मिळाले. मेदपेशी भरलेल्या असल्या की लेप्टिन अधिक स्रवते, मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाला साठा पुरेसा असल्याचे कळते आणि भूक आवरते. साठा घटला की लेप्टिनही घटते आणि भूक खवळते.

माणसातही हेच घडते, हे ब्रिटनमधील नात्यातल्या दोन मुलांमुळे १९९७ मध्ये सिद्ध झाले. जन्मतः सामान्य वजनाची ही मुले काही महिन्यांतच विलक्षण भुकेली झाली होती, कारण त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हते. त्यांतल्या मुलीचे वजन नऊ वर्षांची असताना ९४.४ किलो होते. लेप्टिनची रोजची इंजेक्शने सुरू झाल्यावर वर्षभरात ते १६.४ किलोंनी उतरले, आणि उतरलेले वजन जवळजवळ सगळे चरबीचेच होते. तिचा स्वभाव बदलला नव्हता, तिला कोणी शिस्तही लावली नव्हती. शरीरात नसलेले एक प्रथिन तिला मिळाले होते, एवढेच.

असा जन्मजात अभाव अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेक लठ्ठ मुलांच्या रक्तात लेप्टिन उलट भरपूर असते, परंतु मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. या अवस्थेला लेप्टिन-प्रतिरोध म्हणतात, आणि त्यामुळेच लेप्टिन हे सर्वसामान्य लठ्ठपणावरचे औषध ठरले नाही. शिवाय, अशा मुलाचे खाणे एकाएकी तोडले तर चरबी घटण्याआधीच लेप्टिन झपाट्याने खाली येते, मेंदू ती उपासमार समजतो आणि भूक वाढवतो. डबा चोरून खाणाऱ्या मुलावर ओरडताना त्याच्या शरीरातली ही ओढाताण क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

दुसरे महत्त्वाचे प्रथिन ॲडिपोनेक्टिन. त्याची रीत उफराटी आहे: चरबी, विशेषतः पोटातली, जितकी वाढते तितके ते कमी होते. ते यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनची आज्ञा पाळायला मदत करते, म्हणून ते घटले की रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्यासाठी अधिक इन्सुलिन लागते, आणि मधुमेहाची वाट लहान वयातच मोकळी होते. फुगलेल्या मेदपेशींभोवती प्रतिकारपेशी जमतात व दाह वाढवणारी प्रथिने सोडतात. त्यांनी हा बिघाड आणखी वाढतो.

मात्र चरबी नेहमी वजनकाट्यावर दिसतेच असे नाही, आणि ही गोष्ट मराठी वाचकांच्या अगदी जवळची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात व लंडनमध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेतले रक्त तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.८ किलो, तर लंडनच्या गोऱ्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. तरीही वजनाच्या मानाने पाहता पुण्याच्या बाळांत लेप्टिन आणि इन्सुलिन दोन्ही अधिक होते. खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेची घडी, जी तिच्याखालच्या चरबीचे माप देते, या लहानखुऱ्या बाळांत त्यांच्या वजनाइतकी कमी भरली नव्हती. काट्यावर किरकोळ ठरलेल्या त्या बाळांनी बाळसे धरण्याआधीच मेद जमवलेला होता.