निवृत्तिवेतनावरील करआकारणी, परदेशस्थ सेवानिवृत्तांच्या

एका देशात नोकरी करून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळविलेली व्यक्ती निवृत्तीनंतर दुसऱ्या देशात स्थायिक झाल्यास, तिच्या निवृत्तिवेतनावर कोणत्या देशाने व कोणत्या टप्प्यावर कर आकारावयाचा, हे ठरविणारे कायदे आणि आंतरराष्ट्रीय करार यांचा विचार या विषयात केला जातो. अशा व्यक्तीच्या उत्पन्नावर दोन देश हक्क सांगतात. निवृत्तिवेतन जेथून दिले जाते तो देश ‘उगमदेश’ व सेवानिवृत्त व्यक्ती जेथे राहते तो ‘निवासदेश’ होय. दोघांनीही पूर्ण कर आकारल्यास वृद्धापकाळच्या उपजीविकेवर दुहेरी भार पडतो. दोघांनीही न आकारल्यास तेच उत्पन्न करमुक्त राहते व त्याचा भार इतर करदात्यांवर पडतो.

*प्रश्नाचे स्वरूप* : निवृत्तिवेतन हे एका अर्थी लांबणीवर टाकलेले वेतन असते. अनेक देशांत नोकरीच्या काळात निवृत्तिनिधीत भरलेली वर्गणी करपात्र उत्पन्नातून वजा केली जाते, निधीवरील व्याज व लाभांश यांवर कर नसतो आणि प्रत्यक्ष निवृत्तिवेतन मिळू लागले म्हणजे त्यावर कर आकारला जातो. म्हणून उगमदेशाचे म्हणणे असे, की वर्गणीच्या वेळी आपण कर सोडला तो पुढे मिळेल या भरवशावर. निवासदेशाचा युक्तिवाद वेगळा असतो. वृद्ध व्यक्ती रस्ते, रुग्णालये व इतर सार्वजनिक सेवा यांचा लाभ तेथे घेते. शिवाय तिच्या एकूण उत्पन्नाची व कौटुंबिक परिस्थितीची कल्पना त्या देशालाच येऊ शकते. सर्वच देशांची पद्धत मात्र सारखी नसते. न्यूझीलंडमधील ‘किवीसेव्हर’ योजनेत वर्गणी कर भरलेल्या उत्पन्नातून दिली जाते व रक्कम परत घेताना तीवर कर नसतो. अशा देशातून निवृत्तिवेतनावर कर आकारणाऱ्या देशात गेल्यास त्याच पैशावर दोनदा कर पडण्याचा संभव असतो. उलट दिशेने गेल्यास एकदाही न पडण्याचा.

*करारांतील नियम* : हा पेच देशादेशांतील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांनी सोडविला जातो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नमुना करारातील अठराव्या अनुच्छेदानुसार खाजगी नोकरीबद्दलच्या निवृत्तिवेतनावर केवळ निवासदेशाने कर आकारावयाचा असतो. शासकीय सेवेबद्दलच्या निवृत्तिवेतनास एकोणिसावा अनुच्छेद लागू पडतो. त्यावर ते देणाऱ्या देशाचाच अधिकार असतो. मात्र ती व्यक्ती निवासदेशाची नागरिकही असेल, तर तो अधिकार निवासदेशाकडे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८० मधील नमुना करारात विकसनशील देशांचा विचार करून अठराव्या अनुच्छेदाचे दोन पर्याय देण्यात आले व त्यांपैकी एकाने उगमदेशालाही कर आकारण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा योजनेखालील रकमांवर मात्र दोन्ही पर्यायांत देणाऱ्या देशाचाच अधिकार ठेवण्यात आला.

अमेरिकेची रीत निराळी आहे. ती आपल्या नागरिकांवर, ते जगात कोठेही राहत असले तरी, प्राप्तिकर आकारते. परदेशस्थ अनिवासी परकीय व्यक्तीस मिळणाऱ्या अमेरिकी सामाजिक सुरक्षा लाभाच्या ८५ टक्के भागावर, करारात सवलत नसल्यास, ३० टक्के दराने कर कापला जातो. म्हणजे एकूण लाभाच्या २५·५ टक्के रक्कम करात जाते.

*पोर्तुगालचे उदाहरण* : निवासदेशाला दिलेला अधिकार त्याने वापरलाच नाही, तर काय होते, हे पोर्तुगालच्या अनुभवावरून दिसून येते. आधीच्या पाच वर्षांत पोर्तुगालचे निवासी नसलेल्यांसाठी त्या देशाने २००९ मध्ये दहा वर्षांच्या सवलतींची योजना आणली. तीनुसार परदेशातून येणारे निवृत्तिवेतन करमुक्त राहू शकत असे. स्वीडन व फिनलंड यांच्या पोर्तुगालशी झालेल्या करारांनी खाजगी निवृत्तिवेतनावरील अधिकार पोर्तुगालकडे सोपविला होता. त्यामुळे तेथे जाऊन राहिलेल्या सेवानिवृत्तांच्या अशा निवृत्तिवेतनावर कोणत्याच देशाचा कर लागत नसे. मायदेशी राहून कर भरणाऱ्या त्यांच्या समवयस्कांना हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक होते. फिनलंडने २०१६ मध्ये पोर्तुगालबरोबर नव्या करारावर सही केली. परंतु पोर्तुगालकडून त्याला वेळेवर मान्यता न मिळाल्याने फिनलंडने जुना करार संपुष्टात आणला व १ जानेवारी २०१९ पासून तो लागू राहिला नाही. पोर्तुगालने २०२० मध्ये योजनेत नव्याने येणाऱ्यांच्या परदेशी निवृत्तिवेतनावर १० टक्के कर बसविला. तरीही स्वीडनने १ जानेवारी २०२२ पासून आपला करार रद्द केला. पुढे २०२४ पासून, संक्रमणकालीन अपवाद सोडता, ही योजना नवागतांसाठी बंद झाली. दरम्यान इटलीने २०१९ मध्ये दक्षिणेकडील लहान गावांत येऊन राहणाऱ्यांसाठी व ग्रीसने २०२० मध्ये परदेशी सेवानिवृत्तांसाठी ७ टक्के सरसकट दराच्या सवलती सुरू केल्या होत्या.

*भारत* : भारतात निवृत्तिवेतन हे वेतनाचाच भाग मानले जाते व भारतात केलेल्या सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन अनिवासी व्यक्तीच्या बाबतीतही सामान्यतः करपात्र ठरते. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील एक अपवाद वासाहतिक इतिहासाची खूण म्हणून उल्लेखनीय आहे. संविधानाच्या ३१४ व्या अनुच्छेदाचे संरक्षण लाभलेल्या जुन्या सनदी अधिकाऱ्यांना, ते भारताबाहेर कायमचे राहत असल्यास, भारताबाहेर मिळणारे निवृत्तिवेतन भारतात उद्‌भवलेले मानले जात नसे.

भारत व ब्रिटन यांच्यातील १९९३ च्या करारात वर उल्लेखिलेली विभागणी आढळते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून निवृत्त होऊन, भारतीय नागरिकत्व कायम ठेवून, लंडनमध्ये मुलाकडे राहणाऱ्या व्यक्तीच्या शासकीय निवृत्तिवेतनावर भारताचा कर लागू होतो. तीच व्यक्ती खाजगी कंपनीतून निवृत्त झाली असल्यास ब्रिटनचा. अशी सवलत आपोआप मिळत नाही. अनिवासी व्यक्तीस निवासदेशाच्या कर अधिकाऱ्याकडून निवासाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते.

परदेशी नोकरी करून परतणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. कित्येक वर्षे अनिवासी राहिलेली व्यक्ती परतल्यानंतर काही काळ ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेली’ या वर्गात मोडते आणि तोपर्यंत परदेशात उद्‌भवणारे व तेथेच स्वीकारलेले निवृत्तिवेतन भारतात करपात्र नसते. त्यानंतर ते तिच्या एकूण उत्पन्नात धरले जाते. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा लाभ १९८९ च्या करारानुसार केवळ अमेरिकेतच करपात्र आहे. परदेशी निवृत्तिखात्यांत दरवर्षी जमा होणाऱ्या वाढीवर भारतात त्याच वर्षी, तर त्या देशात रक्कम काढताना कर, अशी विसंगती असे. दोन्ही कर वेगवेगळ्या वर्षांत पडल्याने एकाची वजावट दुसऱ्यात मिळणे अवघड होई. ती दूर करण्यासाठी २०२१ मध्ये अधिनियमात तरतूद करण्यात आली व २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे देश तीसाठी अधिसूचित झाले.

*मूल्यमापन* : निवासदेशास अधिकार देण्याचा नियम वृद्ध करदात्यास सोयीचा असतो, कारण त्याला एकाच देशाशी हिशेब करावा लागतो. मात्र निवासदेश प्रत्यक्षात कर आकारील, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते खोटे ठरल्यास उगमदेश करारातून बाहेर पडतो. निवृत्तिवेतनाचा हक्क तीस-चाळीस वर्षांच्या सेवेतून निर्माण होतो, तर नमुना करारानुसार वर्ष संपण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना दिल्यास करार संपविता येतो. घर विकून परदेशी गेलेल्या वृद्धास पुन्हा नोकरी करून ही तूट भरून काढता येत नाही. म्हणून करार बदलताना आधीच स्थायिक झालेल्यांसाठी पुरेसा संक्रमणकाळ ठेवणे आणि एकाच रकमेवर एकदा, परंतु निश्चितपणे, कर आकारला जाईल अशी व्यवस्था करणे, या दोन गोष्टींना या क्षेत्रात विशेष महत्त्व आहे.