कृत्रिम पाय मेहेरबानी नाही, कायद्यानं हक्क आहे

देऊळगाव राजा : मळणीयंत्रात हात गेला, शुगरनं पाय कापावा लागला, की घरचे म्हणतात, आता नशीब. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ नुसार सरकारनं ठरवलेल्या उत्पन्नाच्या आतल्या दिव्यांगांना जवळच, खासकरून खेड्यात, मोफत आरोग्यसेवा द्यायची आहे.

केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के दिव्यांगत्व अन् महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर कृत्रिम हातपाय मोफत मिळतो. साधारण तीन वर्षांनी परत मागता येतो. १२ वर्षांखालच्या लेकरांना वर्षानंच, कारण लेकरू वाढतं, पाय वाढत नाही.

खरी अडचण पुढं आहे. उरलेला पाय बारीक होतो, सॉकेट ढिलं पडतं, घासून जखम होते. दुरुस्तीला परत जावं लागतं. इथून बुलढाणा लांब; जालना जवळ, पण जिल्हा दुसरा! 'जवळ' म्हणजे किती किलोमीटर, हे कलमात लिहिलेलं नाही. आमदारांकडे मागायचं ते हेच, तालुक्याला मोजमाप-दुरुस्तीची सोय. मागणी लावून धरली की हलतं : बच्चू कडूंच्या पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये राज्यात वेगळा दिव्यांग विभाग झाला.

तोवर ग्रामसभेत विचारा, गावाच्या स्वउत्पन्नातले दिव्यांगांचे ५ टक्के कुठं खर्च झाले?