मंद होणाऱ्या दिव्यांचे दोष व त्यांची परीक्षा

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं बैठकीच्या छतांत १२ व्होल्टचे लहान दिवे बसविलेले असतात आणि भिंतीवरील डिमरचें बटण फिरवून त्यांचा उजेड हवा तसा मंद करतां येतो. सोय मोठी खरी. परंतु तक्रारीही तितक्याच. कोठें दिवे लुकलुकतात, कोठें गुणगुण ऐकूं येते, तर कोठें शेवटचा दिवा फिकाच राहतो. मग प्रथम दिवा बदलतात, मागाहून डिमर बदलतात, आणि पैसे खर्चूनही दोष होता तेथेंच राहतो. याचें कारण असें कीं, येथें दोष बहुधा एखाद्या वस्तूंत नसून तीन वस्तूंच्या न जुळणाऱ्या सोबतींत असतो.

त्या तीन वस्तु म्हणजे डिमर, ट्रान्सफॉर्मर व दिवा. पूर्वीं नाट्यगृहांत दिवे मंद करण्याकरितां विजेच्या वाटेंत रोध घालीत. तो तापे व वीज व्यर्थ जाई. १९५९ सालीं अमेरिकेंत जोएल स्पायरा यांनीं घराच्या भिंतींत मावेल असा अर्धवाहकाचा डिमर तयार केला. हा डिमर वीज अडवून धरीत नाहीं, तिचा तुकडा कापतो. आपल्या घरची २३० व्होल्टची वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. म्हणजे सेकंदास १०० अर्धलहरी होतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा कांहीं भाग कापून उरलेला पुढें सोडतो. कांहीं डिमर लहरीचा आरंभ कापतात, तर कांहीं शेवट. उरलेल्या विजेचा दाब उतरवून ट्रान्सफॉर्मर ती दिव्यास देतो.

आतां जुळणीचा विचार करूं. तांब्याचे वेढे व लोखंडी गाभा असलेल्या जड ट्रान्सफॉर्मरास आरंभ कापणारा डिमर मानवतो. वेढ्यांतील प्रवाह एकदम तोडल्यास दाब उसळतो व उपकरण बिघडतें. म्हणून शेवट कापणारा डिमर त्यास वर्ज्य. हलक्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरास बहुधा शेवट कापणारा डिमर लागतो. दोहोंवर काय छापलें आहे तें वाचून पाहावें. पंख्याचा रेग्युलेटर दिव्यांस जोडण्याची काटकसर तर मुळींच करूं नये.

हल्लीं लुकलुकण्याचें नेहमींचें कारण म्हणजे भार कमी पडणें. समजा, एका डिमरवर ५० वॅटचे ४ हॅलोजन दिवे होते. भार झाला २०० वॅट. त्यांच्या जागीं ५ वॅटचे ४ एलईडी दिवे आले. भार उरला २० वॅट. डिमरास कमीत कमी ४० वॅट हवे असतील तर तो नीट चालणार कसा? ट्रान्सफॉर्मर जुनाच असल्यास परीक्षा सोपी आहे : एक हॅलोजन दिवा परत लावून पाहावा. लुकलुक थांबली तर भारच कमी होता असें समजावें, आणि एलईडीकरितां केलेला डिमर व ट्रान्सफॉर्मर घ्यावा. न थांबली तर दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' हा शब्द आहे कीं नाहीं तें पाहावें. नसल्यास तो दिवा मंद होण्याकरितां केलेलाच नाहीं.

बारीक गुणगुण हा दोष नव्हे. कापलेल्या लहरींनीं गाभा थरथरतो, त्याचा तो आवाज. ती फार वाढल्यास जुळणी व भार तपासावा. सर्व दिव्यांच्या वॅटची बेरीज डिमरवर छापलेल्या आंकड्याच्या आंत असली पाहिजे.

शेवटचा दिवाच फिका असेल तर तार पाहावी. ५० वॅटच्या दिव्यास २३० व्होल्टवर सुमारें ०.२२ अँपिअर प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर ४ अँपिअरांहून अधिक लागतो. तारेचा रोध अर्धा ओहम धरिला, तर पहिल्या ठिकाणीं वाटेंत एक दशांश व्होल्ट खर्ची पडतो, दुसऱ्या ठिकाणीं सुमारें २ व्होल्ट. बारांतून दोन गेल्यावर दिवा फिका पडेल नाहीं तर काय? म्हणून १२ व्होल्टची तार जाड व आंखूड असावी.

याच हिशेबांत धोक्याचें बीजही आहे. '१२ व्होल्ट म्हणजे खेळणें' असें मुलें समजतात. इतक्या दाबाचा झटका सहसा जाणवत नाहीं हें खरें. परंतु ढिल्या स्क्रूखालून ४ अँपिअर वाहूं लागले म्हणजे तो सांधा तापतो, आणि छताच्या पोकळींत आग लागूं शकते. शिवाय डिमरच्या पेटींत १२ नव्हे, पुरे २३० व्होल्ट असतात. आणि बटण अगदीं खालीं फिरवून उजेड दिसेनासा झाला, म्हणजे वीज तुटलीच असें होत नाहीं. डिमर किंचित् कोमट असणें स्वाभाविक आहे. परंतु हात ठेववेना इतका तो तापला, किंवा जळका वास आला, तर तत्काळ मेन स्विच बंद करावा.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं पाहावें, ऐकावें, छापलेलें वाचावें व बेरीज करावी. दिवा बदलावयाचा तोही मेन स्विच बंद करून, दिवा निवाल्यावर व वडिलांच्या देखत. पेटी उघडण्याचें काम मात्र परवाना असलेल्या वायरमनचें. आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन एकदम बदलल्यास दिवा कदाचित् सुधारेल, पण दोष कशांत होता हें कळणार नाहीं, व पुढच्या खेपेस पुन्हां पहिल्यापासून खर्च करावा लागेल.