डायरीतल्या कॅलरी आणि खऱ्या कॅलरी

डाएट केलं, रोज चाललात, तरी वजनाचा काटा पुढेच सरकला. मग आपण म्हणतो, "माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे." पण हे तपासायचं कसं?

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. "१२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही" म्हणणारे दहा जण त्यांनी घेतले. नोंदी लिहायला लावल्याच, शिवाय जड हायड्रोजन आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी प्यायला दिलं. हा हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या घटण्याच्या वेगातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, म्हणजेच किती ऊर्जा खर्च झाली, ते काढता येतं.

मेटाबॉलिझम ठीकच निघालं. खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलेलं, हालचाल ५१ टक्के जास्त.

म्हणून ही माणसं खोटारडी ठरत नाहीत. (हॉस्टेलवर मीही तीन आठवडे डायरी लिहिली. लॅबमधला साखरेचा चहा त्यात एकदाही आला नाही!) शिवाय दहा जणांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. थायरॉइडचा त्रास किंवा स्टिरॉइडची औषधं यांनी वजन खरंच वाढतं. ते डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "प्रश्नावलीद्वारे आहाराची माहिती घेतली जाईल" असं वाक्य असेल, तर तिथे जरा थांबा. चूक कोणत्या दिशेला झुकलेली असेल? सॅम्पल दहाचं हजार केलं तरी ती जात नाही. सगळेच कमी सांगत असतील, तर सरासरीही कमीच येणार.