‘चाचणीत दोषी’ म्हणजे नक्की काय? खेळ, स्टेरॉइड आणि आपले शब्द

(जाफराबाद, जि. जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय थोडा कोरडा वाटेल, म्हणून आधी आमचीच एक चूक सांगतो.

बरीच वर्षं झाली. आम्ही एका छोट्या साप्ताहिकासाठी लिहीत होतो. जत्रेतल्या कुस्त्यांची बातमी आणायला गेलो, तिथे कोणीतरी कानात सांगितलं, “तो पोरगा स्टेरॉइड घेतो म्हणे.” झालं. पुढच्या अंकात चौकट: ‘तरुण मल्ल स्टेरॉइडच्या विळख्यात’. नाव छापलं नव्हतं, पण गाव छापलं होतं. त्या गावात कुस्ती खेळणारी पोरं किती असणार? दोन दिवसांनी पोराची आई आली, हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. पोराला दमा होता. डॉक्टरांनी आठ दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या होत्या. तेही स्टेरॉइडच, पण स्नायू वाढवणारं नव्हे, सूज कमी करणारं. लोक बोलायला लागले म्हणून पोराने गोळ्या सोडल्याच, वर पंपही बंद केला. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही शिकलेले ना?”

पोरगा पुढे बरा झाला. ते वाक्य मात्र आमच्याकडेच राहिलं. आजचं बोलणं त्यातूनच आलंय.

आपल्याकडे पेपरात एक ठरलेला मथळा असतो: ‘उत्तेजक द्रव्य सेवन चाचणीत अमुक खेळाडू दोषी’. आपण तो इतक्यांदा वाचलाय की त्यात काही खटकत नाही. पण जरा एकेक शब्द सुटा करून बघू.

‘उत्तेजक’. स्टेरॉइड हे उत्तेजक नाही. उत्तेजक म्हणजे तरतरी आणणारं, थकवा जाणवू न देणारं. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड शरीरात टेस्टोस्टेरॉनसारखं काम करतं, आठवड्या-महिन्यांत स्नायू वाढवतं. जागतिक संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, प्रतिबंधित यादीत या दोन्ही वर्गांची खाती वेगळी आहेत. आता गंमत बघा. जिममध्ये आणि भरतीच्या तयारीत मेफेंटरमाइनचं इंजेक्शन चोरून वापरलं जातं. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर डॉक्टर ते देतात. ते खरोखरचं उत्तेजक आहे, आणि त्याला गावात म्हणतात ‘स्टेरॉइड’! म्हणजे स्टेरॉइडला उत्तेजक म्हणायचं आणि उत्तेजकाला स्टेरॉइड. दवाखान्यात पोरगा अत्यवस्थ असताना घरच्यांनी डॉक्टरला चुकीचं नाव सांगितलं तर काय होईल, याचा विचार करा.

‘सेवन’. प्रयोगशाळा लघवीचा नमुना बघते. नमुन्यात पदार्थ किंवा त्याचे अंश आहेत की नाहीत, हे ती सांगते. तोंडाने घेतला, सुईने घेतला, जाणून घेतला की कोणी दिला, हे निव्वळ त्या अहवालात लिहिलेलं नसतं.

आणि ‘दोषी’. दोष ठरवायला सुनावणी लागते. चाचणीत ‘आढळतं’ किंवा ‘आढळत नाही’, एवढंच.

याचं उदाहरण लांब शोधायला नको. नरसिंग यादव, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक. २५ जून २०१६ ला, स्पर्धा नसताना, त्याचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडिएनोन हे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आढळलं. ‘ब’ नमुन्यातही तेच. बातमी फुटली जुलैच्या अखेरीस, रिओ ऑलिंपिक दारात असताना.

त्या आठवड्यातली भाषा आठवते? एकीकडे ‘कलंक’, ‘काळिमा’. दुसरीकडे ‘घात’, ‘कट’, ‘आपल्या मल्लाचा बळी’. दोन्ही बाजूंना निकाल आधीच लागलेला होता. आपल्या जेवणात कोणीतरी मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं होतं आणि त्याने पोलिसांत तक्रारही दिली होती. १ ऑगस्टला ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीने ते मान्य करून त्याला मोकळं केलं. लगेच शब्द आला, ‘क्लीन चिट’. हा शब्द तर आम्हाला अजिबात आवडत नाही. तो ऐकला की पुढे काही उरलंच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात अपिलाचं दार उघडं होतं. ‘वाडा’ क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा पुरेसा पुरावा नाही, आणि त्याने हा पदार्थ गोळीच्या रूपात, एकापेक्षा जास्त वेळा, जाणूनबुजून घेतला असण्याची शक्यता अधिक आहे, असा लवादाचा निष्कर्ष होता.

आता कोणी म्हणेल, बघा, शेवटी दोषीच निघाला, मग आधी ‘दोषी’ म्हटलं तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं. २५ जुलैला ‘दोषी’ लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पुढे खरं ठरलं म्हणून आधीचा अंदाज बातमी होत नाही. आणि १ ऑगस्टला त्याच पेपराने ‘निर्दोष’ लिहिलं, १८ ला पुन्हा ‘दोषी’. वाचणाऱ्याला वाटलं, सगळे खोटं बोलतायत. तीन टप्प्यांची तीन साधी वाक्यं लिहिली असती, ‘नमुन्यात आढळलं’, ‘नाडाच्या समितीने म्हणणं मान्य केलं’, ‘लवादाने तो निर्णय फिरवून चार वर्षांची बंदी घातली’, तर एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नसतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. निकाल लागल्यावरही ‘आढळले’, ‘कथित’ असं गुळमुळीत लिहीत राहणं, ही तटस्थता नव्हे. तो आपला माणूस म्हणून केलेला बचाव आहे. लवादाने ‘जाणूनबुजून’ म्हटलं असेल तर ‘लवादाच्या मते जाणूनबुजून’ असं स्पष्ट लिहायचं. नरसिंगला ते मान्य नव्हतं, हेही लिहायचं. आणि चार वर्षं संपली की ती संपली. डिसेंबर २०२० मध्ये तो बेलग्रेडच्या स्पर्धेत पुन्हा उतरला. तेव्हा ‘बंदीनंतर परतलेला’ हे खरं विशेषण. जन्मभर ‘डोपिंगवाला’ म्हणायचं, ही शिक्षा कोणत्याही लवादाने दिलेली नाही.

आणखी एक फार बारीक गोष्ट आहे. शब्द सगळे बरोबर असतात, पण शेजार चुकीचा असतो. त्याच वर्षी ७४ किलोच्या जागेसाठी दुसरे एक मोठे मल्ल चाचणी लढत मागायला दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते आणि जूनमध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण ‘याचिका फेटाळली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच नरसिंगच्या नमुन्यात स्टेरॉइड आढळले’ अशी वाक्यं एकापुढे एक ठेवली की आरोप झाला! कोणी उच्चारलेला नाही, पण प्रत्येकाला ऐकू आलेला. आपल्या मराठीत तर ‘म्हणे’ आहे. ‘घेतो म्हणे’. बोलणारा नामानिराळा, आणि पोरगा गेला. आम्ही त्या साप्ताहिकात दुसरं काय केलं होतं?

मऊ शब्दही माणसं मारतात, बरं का. पूर्व जर्मनीत १९७० च्या दशकापासून सरकारी योजनेत खेळाडूंना ओरल-ट्युरिनाबोल नावाचं स्टेरॉइड दिलं जायचं, त्यात अल्पवयीन मुलीही होत्या. कागदोपत्री शब्द होता ‘सहाय्यक साधनं’. निळ्या गोळ्या हातावर ठेवून सांगायचे, जीवनसत्त्वं आहेत. भाषा एकदम शांत, कुठे आरडाओरडा नाही. पण ती तटस्थ नव्हती, खोटी होती. कित्येकींच्या शरीराची कायमची हानी झाली, आणि जर्मनी एक झाल्यावर त्यावर खटले चालले.

म्हणून आम्ही असं बघतो: वाक्यातला शब्द काय माहिती देतो? ‘विष’, ‘राक्षस’, ‘विळखा’ काहीच देत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा ‘विष’ वाचतो, आणि शेजारचा मित्र तीन महिने घेऊन ठणठणीत दिसतो. मग तो आपलं पुढचं एकही वाक्य ऐकत नाही. त्याऐवजी सांगा: गोळीच्या रूपातलं असं स्टेरॉइड यकृताला इजा करू शकतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणतं, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दाबतं, वाढत्या वयात घेतलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. यात एकही शिवी नाही. पण पोरगा विचार करेल.

शेवटी सभागृहातून एक प्रश्न आला, तो इथे देतो. मागे बसलेले एक वस्ताद उठले. म्हणाले, “आमच्याकडं सगळ्यालाच पावडर म्हणत्यात. प्रोटीन बी पावडर, ते बी पावडर. मग पोराला विचारायचं कसं?”

आम्ही म्हणालो, वस्ताद, ‘पावडर खातोस का?’ असं विचारलंत तर तो ‘नाही’च म्हणेल, कारण त्या शब्दातच ठपका आहे. डबा आणायला सांगा. त्यावर काय लिहिलंय ते दोघं मिळून वाचा. लेबल नसेल तर कुणाकडून आणलं ते विचारा. इंजेक्शन असेल तर बाटलीवरचं नाव वहीत उतरवा आणि डॉक्टरला दाखवा. आणि दम्याचा पंप असेल तर तो बंद करायला लावू नका. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडला खेळातही बंदी नाही. गोळी किंवा इंजेक्शन असेल तर स्पर्धेच्या काळात बंदी आहे, आणि उपचारासाठी गरज असेल तर आधी अर्ज करून परवानगी मागता येते.

वस्तादांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, “त्या पहिल्या औषधाचं नाव पुन्हा सांगा, मेफें... काय ते?”