अठरांची बैठक, आठांचा मसुदा, अठ्ठावन्नांचे मत

१९४७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस या गावी संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क आयोग पहिल्यांदा भरला. जागा होती युद्धसामग्री बनवणाऱ्या स्पेरी कंपनीची इमारत. आयोगात १८ देशांचे प्रतिनिधी होते आणि त्यांत स्त्रिया दोनच: अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या हंसा मेहता. हंसाबेन मुंबईच्या राजकारणात तयार झालेल्या. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या, मुंबई विधान परिषदेत काम केलेल्या आणि मुंबई प्रांतातूनच घटना समितीवर निवडून गेलेल्या.

जगातल्या प्रत्येक माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहायचा, एवढे ठरले. पण तो लिहायचा कोणी? अठरा जणांनी एका टेबलाशी बसून वाक्ये जुळवणे अशक्य होते. म्हणून आयोगाने हे काम आपल्या तीन पदाधिकाऱ्यांवर सोपवले: रूझवेल्ट, चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक. मदतीला सचिवालय. त्यावर सोव्हिएत रशियासह काही देशांनी हरकत घेतली. इतक्या मोठ्या विषयाचा पहिला आराखडा तिघांच्याच हाती का, असा त्यांचा सवाल होता. हरकत रास्तच होती. अखेर मसुदा समिती आठ देशांची झाली.

या समितीत भारत नव्हता.

सचिवालयातले कॅनडाचे कायदेतज्ज्ञ जॉन हम्फ्री यांनी देशोदेशींच्या घटना चाळून चारशेहून अधिक पानांचा दस्तऐवज तयार केला. फ्रान्सचे रेने कासँ यांनी त्यातून बांधीव मसुदा उभा केला. त्यातल्या समतेच्या कलमात माणसांसाठी वापरलेला इंग्रजी शब्द पुरुषवाचक होता. त्यात स्त्रिया आल्याच, असे खुद्द रूझवेल्ट यांनाही वाटत होते. हंसाबेनना ते मान्य नव्हते. तोच शब्द पुढे करून एखादा देश स्त्रियांना हक्क नाकारू शकेल, हा त्यांचा आक्षेप. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाचाही हाच आग्रह होता, मात्र त्या आयोगाच्या प्रतिनिधींना इथे मत नव्हते. १९४८ च्या जूनमध्ये मानवी हक्क आयोगाने मसुदा मंजूर केला, तेव्हा पहिल्या कलमातला शब्द बदलून ‘मानव’ असा सर्वसमावेशक झाला होता.

मसुदा समितीचे लिखाण पूर्ण आयोगापुढे परत यावेच लागते, या नियमाचे मोल इथे कळते. आठांच्या टेबलाशी जागा नसलेल्या प्रतिनिधीलाही अठरांच्या बैठकीत तो मसुदा हलवता आला.

पुढची पायरी त्याहून कठीण. १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिसला आमसभेची तिसरी समिती बसली. सामाजिक आणि मानवी प्रश्न पाहणाऱ्या या समितीत सर्व ५८ सभासद देशांना जागा होती. अध्यक्षपदी पुन्हा चार्ल्स मलिक! आयोगाचे वृत्तांतलेखक, आर्थिक व सामाजिक परिषदेचे अध्यक्ष आणि आता या समितीचे अध्यक्ष, असा एकच माणूस मसुद्याबरोबर पायऱ्या चढत आला होता. वेगवेगळ्या मंडळांतून फिरणाऱ्या कागदाला अशी सोबत मिळणे भाग्याचेच. भाषणे आवरण्यासाठी मलिक यांनी वेळ मोजायचे घड्याळ हाती घेतले, तरी ८१ बैठका झाल्या आणि १६८ दुरुस्त्या आल्या. प्रतिनिधी आपल्या सरकारचे मत मांडत होते. ऐन चर्चेत राजधानीतून नव्या सूचना येत, आणि काल जुळलेले आज पुन्हा सुटे.

हा वेळ वाया गेला असे मुळीच म्हणता येणार नाही. डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो यांनी प्रास्ताविकात स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख यावा म्हणून जोर लावला आणि भारताच्या लक्ष्मी मेनन त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला यांनी विवाहातल्या समान हक्कांची बाजू घेतली. पण काही गळलेही. अल्पसंख्याकांच्या हक्कांचे कलम वगळले गेले आणि त्याऐवजी एक वेगळा ठराव आला.

१० डिसेंबर १९४८ रोजी शायो राजवाड्यात आमसभेने मतदान केले. ४८ बाजूने, विरोधात कोणी नाही, ८ तटस्थ. दोन देशांनी मत नोंदवले नाही. तटस्थांत सोव्हिएत गटाबरोबर सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका होते.

एक काम मात्र मागे पडले. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात आयोगाने तीन कार्यगट नेमले होते: जाहीरनाम्याचा, कराराचा आणि अंमलबजावणीचा. तिसऱ्याच्या अध्यक्ष हंसाबेन. हक्क मोडले तर दाद कुठे मागायची, हा त्या गटाचा प्रश्न होता. बंधनकारक करार व्हायला १९६६ उजाडले आणि ते लागू झाले १९७६ मध्ये. भारताने १९७९ मध्ये त्यांचा स्वीकार केला. नागरी हक्कांच्या करारासोबत जोडलेला, एकट्या नागरिकाला थेट तक्रारीची वाट देणारा पूरक करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.